गडग्यातलं खिंडार

ही गेल्यापासून घरी भेटायला येणारं प्रत्येक माणूस, हिने आयुष्यात काय काय उभं केलं ते मला सांगतं. शाळेची प्रयोगशाळा उभी केली, मुलींचं लेझीम पथक उभं केलं, कुणाकुणाचे मोडायला आलेले संसार उभे केले. मी चहा पुढे करतो आणि मान हलवतो. लोक चांगल्या मनाने बोलतात. पण माझ्या आठवणीत हिने जी गोष्ट सगळ्यात जिवापाड सांभाळली, ती उभी केलेली नव्हतीच. ती एक मोकळी जागा होती. दगडी गडग्यातलं, दोन माणसं खेटून जातील एवढं एक खिंडार. त्याच्यापायी ही अख्ख्या गावाशी आणि मधूनमधून माझ्याशी जवळजवळ वर्षभर भांडली. त्याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मी लिहायला बसलो आहे. मला भराभर लिहिता येत नाही. दिवसाला अर्धं पान झालं तरी पुष्कळ.

गोष्ट ऐंशीनंतरच्या वर्षांतली. आमचं गाव रत्नागिरीहून पावसकडे जाणाऱ्या वाटेवर. खाली माडांत आणि आंब्याच्या कलमांत दडलेली वाडी, आणि वर सडा. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडंबोडकं पठार. पावसाळ्यात हिरवं गवत आणि चैत्रात तापलेला तवा. मी शहरातल्या एका वाचनालयात नोकरीला होतो. सकाळच्या एसटीने जायचो, संध्याकाळच्या एसटीने पिशवीत पुस्तकं घेऊन परत यायचो. ही कोल्हापूरकडची. गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायची. लग्नाला चांगली दोन-तीन वर्षं होऊन गेली तरी वाडीत तिची ओळख ‘घाटावरची’ अशीच होती. तिला माशाचं कालवण जमलं तेव्हा बायका म्हणाल्या, “घाटावरची असून बरं करते हो.” बिघडलं तेव्हा म्हणाल्या, “घाटावरची ती, तिला काय कळणार.” दोन्हीकडून घाट काही सुटला नाही.

घरात तिसरे माझे काका. त्यांनीच मला लहानाचा मोठा केला. स्वतःचं लग्न केलं नाही. त्यांना जगात दोन गोष्टींची पारख होती, हापूसची आणि गडग्याची. गडगा म्हणजे चुना-सिमेंटाशिवाय, दगडावर दगड बसवून केलेली कुंपणाची भिंत. आमच्याकडे बागेला, घराला, भाताच्या खाचरालासुद्धा गडगा असतो. काका एखाद्याकडे मुलगी बघायला गेले, तर आधी त्या घराचा गडगा बघत. “सांधे उघडे टाकलेत,” एवढं म्हणाले की ते स्थळ मोडलंच म्हणायचं.

त्या वैशाखात एका सकाळी भेकर खाली आलं. भेकर म्हणजे बकरीएवढं लहानसं हरीण. सड्याच्या उतारावर करवंदीच्या जाळ्यांत राहतं. वरचे झरे आटले की पाण्यासाठी ते वाडीत उतरतं, आणि वाडीत कुत्री असतात. आमच्या विहिरीजवळ गुरांसाठी दगडी डोण होती. तिथे ते पाण्याला तोंड लावतंय तोच कुत्र्यांनी घेरलं. ही चुलीजवळून हातातल्या फुंकणीसकट धावली. तिने फुंकणीने कुत्र्यांना चोप चोप चोपलं, पण तोवर उशीर झाला होता.

काका म्हणाले, “दर वर्षी येतं एखादं. तहान लागली की येणारच.”

“आणि दर वर्षी मरतं?”

“नाय गो. एखादं जातं परत.”

ही त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी शाळेला निघताना पायात चपला सरकवत मला म्हणाली, “पुढच्या चैत्रात एकही खाली उतरता कामा नये.”

“ते आपण कसं ठरवणार?”

“वर पाणी असलं तर ते कशाला येईल? त्याला काय आपल्या वाडीची हौस आहे?”

 

वर गुरचरणाच्या सरकारी जमिनीत एक जुनी चिरेखाण पडून होती. चिरा म्हणजे घराच्या भिंतीला लागणारा जांभ्याचा घडीव ठोकळा. तो काढून काढून तिथे छपराविना उभ्या खोलीसारखा खड्डा झाला होता. पावसात तो भरायचा, पण तळाच्या भेगांतून दिवाळीपर्यंत सगळं पाणी निघून जायचं. शिवाय चारी बाजू सरळ तासलेल्या. ससा म्हणा, कोल्हा म्हणा, आत पडला की पडलाच. हिचं म्हणणं सोपं होतं. तळ साफ करायचा, भेगा मातीने लिंपायच्या आणि एका बाजूने जनावर चालत खाली जाऊन चालत वर येईल असा उतार करायचा.

वनखात्याचा गार्ड सायकल हाताने ढकलत सड्यावर आला. त्याने खाण बघितली, घाम पुसला आणि म्हणाला, “बाई, त्यापेक्षा रोपं लावा. ऑस्ट्रेलियन बाभळीची देतो, हवी तेवढी.”

“जनावरं रोपं पिणार का ओ?”

गार्डने सायकल वळवली. मग म्हणाला, “करा श्रमदान. पंचायतीला विचारा. माझं काही नाही. फक्त एक पाटी लावायला लागेल, वन्य प्राण्यांसाठी राखीव म्हणून.”

काका म्हणाले, “जनावरं वाचतील तेव्हा वाचतील. म्हशींना आधी वाचायला शिकवा.”

श्रमदानाला माणसं मिळाली ती हिच्या भाषणामुळे नव्हे. हिने देवळात भेकराबद्दल सांगितलं तेव्हा लोक माना हलवत होते, पण त्या भजनाला हलतात तशा. मग गावकर, म्हणजे आमच्या गावचे मानकरी, ज्यांच्या शब्दाशिवाय देवळातली घंटाही हलत नाही, ते म्हणाले, “वर पाणी मिळालं तर डुकरं आणि वानरं बागांत कमी उतरतील.” हे सगळ्यांना पटलं. त्यातून मे महिना. मुंबईहून आलेल्या माणसांना मे महिन्यात गावात दोनच कामं असतात. आंबे खाणं, आणि गाव कसं सुधारेल ते सांगणं. दोन्हींचा त्यांना तोपर्यंत कंटाळा आला होता.

पहिले दोन रविवार ही स्वतः होती. साडीचा पदर खोचून तिने चिखल तुडवला. वारुळाची माती, खाचरातली चिकणमाती आणि शेण एकत्र मळून भेगांत ठासायचं, असं बायकांनी ठरवलं, कारण चुलीपासून अंगणापर्यंत लिंपण्याचं शास्त्र त्यांच्याकडे होतं. हिला त्यांनी एक कोपरा दिला. तो दुसऱ्या दिवशी तडकला. “घाटावरचं लिंपण,” एक म्हणाली, आणि सगळ्याजणी हसल्या, हीही हसली. ते हसणं मला फार बरं वाटलं होतं.

मग हिच्या धाकट्या बहिणीचं लग्न निघालं आणि हिला कोल्हापूरला जावं लागलं. जाताना एसटीच्या खिडकीतून सगळ्यांना बजावलं, “फक्त तळ साफ करायचा, लिंपायचं आणि उतार करायचा. मिरगाच्या आधी मी येतेच.” ‘फक्त’ या शब्दावर तिने किती जोर दिला होता ते मला नंतर आठवलं.

तळ साफ करायचा म्हणजे खाणवाल्यांनी टाकून दिलेले फुटके, कोनतुटके चिरे बाहेर काढायचे. ढीगभर होते. पहिल्या माणसाने पहिला चिरा वर आणून काठावर ठेवला. दुसऱ्याने त्याच्या शेजारी ठेवला. तिसऱ्याने आपला चिरा त्या दोघांच्या सांध्यावर ठेवला. झालं. त्या तिसऱ्या चिऱ्यानंतर कुणी कुणाला काही सांगायची गरज उरली नाही. आमच्याकडच्या माणसाच्या हातात चिरा आला की तो खाली टाकत नाही. तो बसवतो.

दुपारपर्यंत काकांना बातमी गेली. ते वर आले, एक डोळा मिटून ओळ बघितली आणि म्हणाले, “हे काय गटाराचं वळण आहे? सोडा, सोडा. मी सांगतो तसं करा.” मग रीतसर सुरुवात झाली. प्रत्येक घराने आपापला भाग वाटून घेतला. हद्दीवरून पिढ्यान्‌पिढ्या अबोला असलेली दोन घरं शेजारी शेजारी भाग घेऊन बसली आणि एकमेकांकडे न बघता एकमेकांपेक्षा सरळ ओळ लावू लागली. उतार झाला, लिंपण झालं, ते सगळं झालंच. पण त्यात कुणाचं मन नव्हतं. मन गडग्यात होतं. मुंबईची माणसं, जी एरवी वाकून चप्पल उचलत नाहीत, ती हात सोलवटून घेत चिरे तासत होती. कंबरेइतका, खाणीच्या चारी बाजूंनी, काठापासून पाच-सहा पावलं मागे, नजर लागावी असा गडगा झाला. काकांनी त्यावरून हात फिरवला आणि कुणाचंही नाव न घेता “बरं आहे” म्हणाले. हे ऐकून दोनतीन माणसांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी तिथे होतो. मी चिरे उचलून देत होतो आणि विश्रांतीला करवंदीच्या सावलीत पुस्तक वाचत होतो. मी इथलाच. मलाही त्यात काही खटकलं नाही.

उताराच्या तोंडाशी मात्र दोन माणसं जातील एवढी जागा त्यांनी मुद्दाम सोडली होती. ती होती हिच्यासाठी. गावकर म्हणाले, “काम बाईंनी काढलं, शेवटचा भाग बाईंच्या हातचा.” गावात बायकांच्या हाताने गडगा घालत नाहीत. त्यातून घाटावरच्या बाईच्या हाताने. हा मान लहान नव्हता. तिथे चांगले, न फुटलेले, निवडून ठेवलेले चिरे रचून ठेवले होते. त्यातले सगळ्यात देखणे काकांनी स्वतः तासले होते.

ही एसटीतून उतरली तशी लोकांनी तिला थेट सड्यावर नेलं. बॅग माझ्या हातात, अंगावर लग्नातली साडी, वर मिरगाचे ढग. नारळ, उदबत्ती, शाळेतला ढोलसुद्धा कुणीतरी आणला होता. हिने गडगा बघितला आणि त्याच्या कडेकडेने सावकाश एक फेरी मारली. लोक कौतुकाने एकमेकांना कोपरखळ्या मारत होते. “बघतेय हो, नीट बघतेय.”

फेरी संपवून ती गावकरांपुढे उभी राहिली. “फार सुंदर झालाय,” ती म्हणाली. “पण जनावरं आत येणार कुठनं?”

ढोल वाजवणाऱ्याचा हात थांबला.

“कुठली जनावरं?” गावकरांनी विचारलं.

“ज्यांच्यासाठी पाणी केलं ती.”

सगळे गडग्याकडे बघायला लागले. जणू तो रातोरात दुसऱ्या गावच्या लोकांनी येऊन घातला होता. शेवटी मुंबईच्या एका गिरणीतला माणूस म्हणाला, “बाईंचं बरोबर आहे. बेडं ठेवू या.” बेडं म्हणजे गडग्याच्या दाराला आडवे सरकवायचे बांबू.

“भेकर बांबू सरकवणार का?”

“तसं नाही, पण... एक माणूस ठेवता येईल.”

ही हसली नाही. निवडक चिऱ्यांच्या रचलेल्या ढिगाकडे तिने बघितलं, काकांकडे बघितलं. तिला तो मान कळला होता. त्या दिवशी घरी आल्यावर तिने मला तो किती कळला होता ते सांगितलं. पण तिथे ती एवढंच म्हणाली, “माझा भाग मी असाच ठेवणार. उघडा.”

“उघडा?” काका म्हणाले. “गडग्यात खिंडार? गो, लोक म्हणतील चिरे कमी पडले.”

“म्हणू देत की.”

“उद्या म्हणतील, ह्यांना गडगा घालता येत नाही.”

 नारळ आणलेला होता, तो परत न्यायचा नसतो, म्हणून फोडला. खोबऱ्याचे तुकडे सगळ्यांनी गप्प राहून खाल्ले. इतकं मुकाट खोबरं मी कधी खाल्लं नाही.

काका पुढे कितीतरी दिवस तिच्याशी थेट बोलले नाहीत. ती समोर वाढत असताना मला सांगत, “तिला सांग, आमटीत मीठ कमी आहे.” ती मला सांगे, “त्यांना सांगा, मिठाची बरणी त्यांच्या डाव्या हाताला आहे.” मी पुस्तक मिटून दोन्ही निरोप पोचवत असे.

पावसाने खाण काठोकाठ भरली. लिंपण टिकलं. आणि श्रावणात उघडीप पडली तेव्हा ही वर गेली, तर खिंडारात एका ओळीत चार चिरे बसलेले. ओळीत, सांधे साधून. तिने ते काढून बाजूला टाकले. चार दिवसांनी परत बसले. कुणाला विचारलं तर कुणी केलंच नव्हतं. यात कुणी दुष्टपणा करत होतं असं नाही. गुरं घेऊन जाणारा, गवत कापायला गेलेला, नुसता पाय मोकळे करायला गेलेला, कुणीही तिथून गेला की त्याला ते उघडं खिंडार बघवत नसे. समोर चिरे पडलेले असत. हात आपोआप जात.

एकदा हिने खुद्द गावकरांना दोन्ही हातांत चिरा धरलेला असताना गाठलं. मी मागेच होतो.

“गावकर, हे काय?”

“कुठं काय? वाटेत पडला होता. कुणाच्या पायाला लागेल म्हटलं.”

“मग कडेला ठेवा की.”

“कडेलाच ठेवतोय.”

“गडग्यात?”

“गडगा कडेलाच आहे, बाई,” गावकर म्हणाले आणि फार सन्मानाने चिरा खाली ठेवून निघून गेले.

मग हिने शाळेतली युक्ती काढली. जांभ्याचा तांबडा रंग हाताला लागला की लवकर निघत नाही. रस्त्यात कुणी भेटलं, की नमस्कार करायच्या आधी ती त्याचे तळहात बघायची. मोठमोठी माणसं तिला बघून हात पाठीमागे घेऊ लागली. एका संध्याकाळी मी सड्यावरून फिरून आलो तर दारातच म्हणाली, “अहो, हात बघू.” मी दाखवले. “तुम्हीसुद्धा?” मी म्हटलं, एकच होता, आणि तो खरोखरच पडायला आला होता. त्या रात्री माझं निरोप्याचं काम बंद झालं, कारण आता माझ्याशीही कुणी बोलत नव्हतं.

गार्ड दिवाळीनंतर पाटी घेऊन आला. लोखंडी, हिरव्या रंगाची, दोन भक्कम खांबांवर. आम्ही वर जाऊन बघितलं तर त्याने ती बरोबर खिंडारात रोवली होती.

“दुसरीकडे जागा नव्हती का ओ?” हिने विचारलं.

“होती की,” गार्ड म्हणाला. “पण तेवढीच जागा रिकामी दिसत होती.”

पाटी उपटायला आम्हाला अख्खी दुपार लागली.

पाणी मात्र राहिलं. संक्रांतीलाही होतं. काका हातात काठी घेऊन सकाळी वर जायचे. म्हणायचे, गडगा बघायला जातो. खिंडारातून सगळ्यात आधी आत गेल्या त्या वाडीतल्या म्हशी. “बाई, तुमच्या जंगली म्हशी मजेत आहेत हो,” असं लोक हिला वाटेत सांगू लागले. मग डुकरांचे खूर दिसले आणि बागवाले उखडले, “आता त्यांना चहाही द्या.” मग सशाच्या लेंड्या, मोराचे पाय, एकदा साळिंदराचा काटा. तो काटा ही शाळेत घेऊन गेली. पण भेकराचा पत्ता नव्हता. ही रोज शाळेआधी वर जाऊन काठावरचा चिखल बघून यायची. मी काही विचारायचो नाही. ती चपला कशा काढते त्यावरून मला कळायचं.

शिमगा आला. पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या दगडी चौथऱ्यावर, बसली आणि गावकरांनी गाऱ्हाणं घातलं. सगळ्या गावाच्या वतीने देवापुढे अडचणी मांडायच्या, आणि प्रत्येकीला लोकांनी ‘होय म्हाराजा’ म्हणून दुजोरा द्यायचा.

“मुंबईला गेलेल्या लेकरांना सुखात ठेव, म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

“कलमांचा मोहर टिकू दे, म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

“आणि सड्यावर जे काय खिंडार राहिलं आहे, त्याची जी काय इडापिडा असेल, ती टाळ, म्हाराजा!”

लोकांनी ‘होय’ म्हणायला तोंड उघडलं तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून हिचा वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज आला, “इडापिडा नको, राखण कर म्हणा की!”

गाऱ्हाण्यात बाई बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं. गावकरांनी देवाकडे बघितलं, हिच्याकडे बघितलं. मग घसा साफ करून म्हणाले, “बरं. राखण कर, म्हाराजा. पण काय तो निकाल दे!”

“होय म्हाराजा!” सगळे म्हणाले, काका जरा जास्तच मोठ्याने.

पालखी उठल्यावर ही गावकरांपुढे गेली. “निकाल चैत्रात लागेल,” ती म्हणाली. “या चैत्रात-वैशाखात एक जरी भेकर खाली पाण्याला आलं, तर मी स्वतः सगळ्यांसमोर चिरे लावून ते बुजवीन.”

घरी येताना वाटेत तिने मला विचारलं, “नाहीच आलं वर, तर?” मी पुस्तकांतला माणूस. मला अशा वेळी जे बोलायचं असतं ते दुसऱ्या दिवशी सुचतं. मी तिच्या हातातली ताटली घेतली आणि चालत राहिलो.

चैत्रात सड्यावरचं गवत जळून पिवळं पडलं. वाडीत जो तो आपल्या विहिरीवर लक्ष ठेवू लागला. कुणी गंमत म्हणून, कुणी खरंच. आमच्या घरच्या कुत्र्याला काकांनी दोरीने बांधून ठेवलं.  डोणीपाशी कुणी आलं नाही. पण ते वर जिवंत आहे की तहानेने कुठल्या जाळीत पडलं आहे, हे कसं कळणार? हिने चपला अगदी हळू काढायला सुरुवात केली होती.

एका सकाळी काका सड्यावरून आले ते तरातरा, थेट मागच्या दारी. आणि कितीतरी महिन्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे न बघता बोलले.

“सूनबाई, तुझ्या जनावराने माझा गडगा पाडला.”

“म्हशीने?”

“म्हशीने पाडायला तो काय तू घातलास? चल वर.”

शाळेची वेळ झाली होती. माझी एसटी समोरून गेली. आम्ही तिघंही वर गेलो. खिंडारापासून अगदी दुसऱ्या टोकाला, करवंदीच्या जाळीकडच्या बाजूला, काकांनी स्वतः घातलेल्या भागात वरचे दोन चिरे खाली पडले होते. आतल्या मऊ मातीत दोन बोटं टेकवल्यासारखे लहान, टोकदार खूर उमटले होते. काठाकाठाने उताराकडे, उतारावरून पाण्यापर्यंत गेलेले आणि तसेच परत आलेले.

ही तिथेच उकिडवी बसली. तिने खुराशेजारी बोट टेकवलं, पण खुराला लावलं नाही.

“उडी मारून आलं,” काका म्हणाले. “सताड खिंडार उघडं असताना माझ्या गडग्यावरून! येताना एक पाडला, जाताना एक.” तक्रार होती, पण आवाज तक्रारीचा नव्हता. “बघ, कसं आलंय. दुसऱ्या कुणाच्या भागावरून नाय आलं.”

“काका, म्हणजे खिंडार लागलंच नाही त्याला,” मी म्हटलं. हे मी बोलायला नको होतं.

ही वर न बघता म्हणाली, “साळिंदराला उडी मारता येत नाही ओ.”

काकांनी पडलेला चिरा उचलला. सवयीने त्याची माती झटकली, फिरवून बसती बाजू खाली केली आणि तो जागेवर न्यायला वाकले. वाकले आणि तसेच राहिले.

“गो,” ते म्हणाले, “गाभण असली तर?”

“काय?”

“गाभण असली तर उडी कशी मारायची तिनं? पोटाला लागेल.”

“ती पलीकडनं येईल. तेवढ्यासाठी तर ठेवलंय.”

“नाय यायची. तिची वाट ही आहे. जनावर दुसऱ्याच्या वाटेनं जात नाय.” काकांनी हातातला चिरा बाहेरच्या बाजूला ठेवला. मग खालचा काढला. मग त्याच्या खालचा. त्यांनी घातलेला गडगा त्यांच्याच हातांना सुटत नव्हता. मला पुढे होऊन दोन चिरे हलवावे लागले. कातळापर्यंत मोकळं झालं तेव्हा काका घामाघूम होऊन बसले. समोर चिऱ्यांचा ढीग. त्यांची बोटं गुडघ्यांवर नुसती चाळवत होती.

“आता ह्यांचं काय करू?”

“काही करू नका.”

“काहीच नाय?”

“काहीच नाही.”

काकांनी चिऱ्यांकडे बघितलं, गुडघे घट्ट धरले आणि मान वळवून दुसरीकडे बघत बसले. तेवढ्यात उतारावरच्या जाळीतून, अगदी जवळून, एक खरखरीत, ठसकल्यासारखी आरोळी आली. भेकर आम्ही कधी जातो त्याची वाट बघत होतं. ती ऐकून खाली, पार वाडीतून, कुत्री भुंकायला लागली. फार लांबून.

ही उठली, साडीची माती झटकली आणि म्हणाली, “भुंकू देत.”